‘ए’ म्हणजे कुणाला बंदी? वयाच्या प्रमाणपत्रांची पार्श्वभूमी

तिकिटे ऑनलाइन काढलेली असतात, पॉपकॉर्न हातात असते आणि पडद्याच्या दारापाशी डोअरकीपर सहा वर्षांच्या मुलाकडे बघून सगळ्या कुटुंबाला थांबवतो. चित्रपटाला ‘ए’, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचे, प्रमाणपत्र आहे. ‘आम्ही आई-वडील सोबत आहोत ना!’ हे वाक्य तिथे हमखास ऐकू येते, पण त्याचा उपयोग होत नाही. शेजारच्या पडद्यावर ‘यूए १६+’, म्हणजे सोळा वर्षांखालील मुलांना दाखवावा की नाही हे पालकांनी ठरवायचे असा, चित्रपट चालू असतो. तिथे नऊ वर्षांच्या मुलाला आई-वडील घेऊन गेले तर चित्रपटविषयक कायदा त्यांना अडवत नाही. ‘ए’चे बंधन थिएटर चालवणाऱ्यावर आहे, ‘यूए’ची जबाबदारी पालकांवर आहे. दारातले बहुतेक वाद हा फरक माहीत नसल्यामुळे होतात, आणि हा फरक कसा आला हे समजायला शंभर वर्षे मागे जावे लागते.

१९१८चा सिनेमॅटोग्राफ कायदा आला तेव्हा वयाचा विचार त्यात नव्हताच. १९२०मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे परिनिरीक्षण (सेन्सॉर) मंडळे बसली. चित्रपट सार्वजनिक खेळाला योग्य आहे की नाही, एवढेच ती ठरवत. योग्य ठरला तर तो आजोबांनाही योग्य आणि नातवालाही. लहानांसाठी वेगळी रेषा पहिल्यांदा आखली गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९च्या दुरुस्तीने. त्या दुरुस्तीत ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी आणि ‘ए’ म्हणजे फक्त प्रौढांसाठी, असे दोन वर्ग झाले. १९५१मध्ये प्रांतोप्रांतीच्या मंडळांच्या जागी एक केंद्रीय मंडळ आले आणि १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने या सगळ्याला आजचा पाया दिला. प्रौढ म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती, ही व्याख्या त्या कायद्यातच आहे.

इथे अक्षरांचा एक गोंधळ लक्षात घ्यायला हवा. ब्रिटनमध्ये १९१२ साली स्थापन झालेले मंडळही सुरुवातीला ‘यू’ आणि ‘ए’ हीच अक्षरे वापरत असे. पण तिथला ‘ए’ आधी नुसती सूचना होती आणि १९२०च्या दशकात त्याचा अर्थ ‘मुलांना पालकांसोबतच प्रवेश’ असा होत गेला. मुलांना पूर्ण बंदी करणारे ‘एक्स’ तिथे १९५१मध्ये आले. आपल्याकडे मात्र ‘ए’ पहिल्यापासून पूर्ण बंदीचेच आहे. पुढे १९६८मध्ये अमेरिकेत ‘आर’ हा वर्ग आला, आणि त्यात सतरा वर्षांखालील मुलांना पालक किंवा सज्ञान सोबती असेल तर आत जाता येते. परदेशी ट्रेलर आणि परीक्षणे वाचून ‘मोठे माणूस सोबत असले की चालते’ अशी समजूत आपल्याकडे घट्ट झाली आहे. त्याच चित्रपटाला भारतात ‘ए’ मिळाले असेल तर ही समजूत दारातच चुकीची ठरते.

‘ए’च्या बाबतीत कायद्याची भाषा नीट वाचावी. प्रौढ नसलेल्या ‘कोणत्याही व्यक्तीला’ असा चित्रपट दाखवणे हा भंग आहे, आणि तो दाखवणाऱ्याचा आहे, बघणाऱ्याचा नाही. दंडाचे कलमही दाखवणाऱ्यासाठीच लिहिलेले आहे. कित्येक वर्षे या कलमात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी कमाल शिक्षा होती. म्हणूनच पालकांनी ‘आमची जबाबदारी, लिहून देतो’ म्हटले तरी व्यवस्थापक ऐकत नाही, कारण पालकांच्या संमतीने त्याची जबाबदारी संपत नाही. ‘कोणत्याही व्यक्तीला’ या शब्दांत मांडीवरचे बाळही येते. ‘त्याला काय कळतंय, झोपलेलंच आहे’ या म्हणण्याला कायद्यात जागा नाही. तीन वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, हा अनेक थिएटरांचा नियम फक्त आसनाच्या पैशांचा आहे. त्यावरून बाळाला ‘ए’ला नेता येते असा अर्थ काढणे ही नेहमीची चूक.

प्रमाणपत्र केंद्राचे आणि दार राज्याचे, ही विभागणी राज्यघटनेतली आहे. चित्रपट प्रदर्शनाला मंजुरी देणे हा विषय केंद्राच्या यादीत येतो, तर चित्रपटगृहांचे नियमन राज्यांच्या यादीत. महाराष्ट्रात थिएटरचा परवाना १९५३च्या चित्रपटगृह नियमन कायद्यातून येतो. त्यामुळे ‘ए’च्या खेळाला मूल आत सोडणाऱ्या थिएटरला एका बाजूने केंद्रीय कायद्याची आणि दुसऱ्या बाजूने परवान्याची काळजी असते. ज्या एकपडदा थिएटरात पूर्वी डोळेझाक व्हायची, तिथला अनुभव धरून मल्टिप्लेक्समध्ये गेलेल्यांना हा कडकपणा नवा वाटतो. नियम मात्र ७० वर्षांपूर्वीचाच आहे.

वयानुसार वर्गीकरण घटनेत बसते का, हा प्रश्न १९७०मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या चार महानगरांवरच्या लघुपटाला मंडळाने ‘ए’ दिले होते आणि ‘यू’ हवे असेल तर दृश्ये कापायला सांगितले होते. अब्बास यांनी पूर्वपरीक्षणालाच आव्हान दिले. न्यायालयाने ते मान्य केले नाही आणि ‘यू’ व ‘ए’ अशी वयावर आधारलेली विभागणीही वैध ठरवली. यानंतर ‘लहानांसाठी वेगळी रेषा असावी का’ हा वाद मागे पडला. ती किती ठिकाणी आखावी, हा प्रश्न उरला.

मधला खाना

‘यू’ आणि ‘ए’ यांच्यामध्ये काहीच नव्हते, आणि ही अडचण खरी होती. थोडी मारामारी, एखादा भीतिदायक प्रसंग असलेला चित्रपट पाच वर्षांच्या मुलाला जड जातो, पण पंधरा वर्षांच्या मुलाला त्यासाठी बंदी करणे अन्यायाचे ठरते. १९८१च्या दुरुस्तीने ‘यूए’ आणि ‘एस’ हे दोन नवे वर्ग आणले आणि ते जून १९८३पासून लागू झाले. ‘एस’ डॉक्टर, शास्त्रज्ञ अशा ठरावीक गटांसाठी आहे. पालकांचा त्याच्याशी संबंध येत नाही. याच वेळी मंडळाच्या नावातला ‘सेन्सॉर’ शब्द गेला आणि ‘प्रमाणन’ आला, तरी बोलण्यात आजही सेन्सॉर बोर्डच आहे.

‘यूए’ची मूळ शब्दरचना अशी होती की, चित्रपट सर्वांसाठी खुला आहे, मात्र बारा वर्षांखालील मुलाला तो दाखवावा की नाही याचा विचार पालकांनी करावा. इथे कुठेही ‘प्रवेश नाही’ म्हटलेले नाही. ही सूचना पालकांना होती. थिएटरांनी आणि प्रेक्षकांनी मात्र तिचे दोन उलटे अर्थ लावले. काहींनी बारा वर्षांखाली बंदी मानली, आणि बहुतेकांनी ‘यूए’ म्हणजे जवळपास ‘यू’च असे धरले.

दुसरा अर्थ रुजायला टीव्हीचा मोठा हातभार लागला. २००५-०६च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयातल्या एका जनहित याचिकेमुळे टीव्हीवर ‘ए’ चित्रपट दाखवण्यावर काटेकोर बंधन आले. उपग्रह वाहिन्यांचे हक्क हे निर्मात्याच्या उत्पन्नातले महत्त्वाचे कलम. ‘ए’ घेतले तर तरुण प्रेक्षक आणि कुटुंबांबरोबर ते उत्पन्नही धोक्यात येणार. मग मंडळाने ‘जसा आहे तसा हवा तर ए, यूए हवे तर हे तुकडे काढा’ म्हटले की निर्माता कात्री स्वीकारतो. अशा रीतीने मूळचे प्रौढ कथानक असलेले कितीतरी चित्रपट काटछाट होऊन ‘यूए’त आले. रक्त दोन सेकंद कमी झाले आणि शिवी मूक झाली, तरी गोष्टीतली दहशत होती तशीच राहिली. सहा वर्षांच्या मुलाला त्रास होतो तो या दहशतीचा, आणि कात्रीच्या यादीत ती मोजली जात नाही. माझ्या मते या व्यवस्थेची सगळ्यात मोठी त्रुटी हीच होती. हलकाफुलका कौटुंबिक चित्रपट आणि सूडकथा यांच्यावर एकच शिक्का बसे, आणि पालकांकडे त्या शिक्क्यापलीकडे माहिती नसे.

न्यायमूर्ती मुकुल मुद्गल समितीने २०१३मध्ये १२+ आणि १५+ असे टप्पे सुचवले. श्याम बेनेगल समितीनेही २०१६मध्ये ‘यूए’चे असेच दोन भाग करायला सांगितले. अंमलबजावणी मात्र आधी झाली ती थिएटरबाहेर. फेब्रुवारी २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटीसाठी ७+, १३+ आणि १६+ हे टप्पे आणले. तिथे हे वर्गीकरण प्लॅटफॉर्म स्वतःच करतो, मंडळ नाही. थिएटरसाठी तेच आकडे २०२३च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने घेतले आणि मार्च २०२४मध्ये नवे प्रमाणन नियम आले. आता प्रमाणपत्रे ‘यू’, ‘यूए ७+’, ‘यूए १३+’, ‘यूए १६+’ आणि ‘ए’ अशी मिळतात.

या दुरुस्तीतले एक वाक्य प्रत्येक पालकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे: ‘यूए’वरची वयाची खूण पालकांच्या मार्गदर्शनासाठी आहे, आणि पालकांखेरीज इतर कोणी तिची अंमलबजावणी करू शकत नाही. म्हणजे पालकांसोबत आलेल्या बारा वर्षांच्या मुलाला ‘यूए १६+’ आहे म्हणून परत पाठवायला या कायद्याचा आधार नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. डोअरकीपरने अडवले नाही याचा अर्थ चित्रपट मुलाला चालण्यासारखा आहे असा होत नाही. अडवणे हे त्याचे कामच नाही, ते पालकांचे आहे.

वेळेबद्दलचे बंधन ही आणखी वेगळी गोष्ट. जानेवारी २०२५मध्ये तेलंगण उच्च न्यायालयाने सोळा वर्षांखालील मुलांना सकाळी ११च्या आधी आणि रात्री ११नंतर थिएटरात सोडू नये असा अंतरिम आदेश दिला होता. पुढे मार्चमध्ये तो शिथिल केला. त्याचा प्रमाणपत्राशी काही संबंध नव्हता, पण बातम्यांमध्ये दोन्हींची सरमिसळ झाली.

प्रमाणपत्र वाचताना

चित्रपटाच्या सुरुवातीला काही सेकंद जे प्रमाणपत्र दिसते, त्यावर देवनागरीत ‘अ’, ‘अव’ किंवा ‘व’ असते. यातला ‘अ’ म्हणजे ‘ए’ नव्हे! हिंदीतला ‘अ’ हा ‘यू’साठी, म्हणजे सर्वांसाठी आहे, ‘अव’ म्हणजे ‘यूए’ आणि ‘व’ म्हणजे वयस्क, अर्थात ‘ए’. मराठी वाचणाऱ्याचा इथे सहज घोटाळा होतो. प्रमाणपत्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात त्रिकोण असेल तर चित्रपटात काटछाट झालेली आहे आणि तिचा तपशील प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात असतो. ओटीटीवर तोच चित्रपट न कापलेल्या स्वरूपात येऊ शकतो, त्यामुळे ‘थिएटरात मुलाने पाहिला होता, घरी परत लावू’ म्हणण्याआधी तिथला शिक्का वेगळा पाहावा.

पडद्यावर प्रमाणपत्र दिसते तेव्हा मूल आधीच खुर्चीत बसलेले असते. शिक्का बघायची खरी वेळ तिकीट काढण्याआधीची, आणि घोटाळेही तिथेच होतात. आगाऊ विक्री कधीकधी प्रमाणपत्र हाती येण्याआधी सुरू होते, कारण ते बऱ्याचदा प्रदर्शनाच्या तोंडावर मिळते. तेव्हा बुकिंगच्या पानावर दिसणारा वर्ग अंदाजाचा असू शकतो. खेळाच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहावे. ट्रेलरचे प्रमाणपत्र स्वतंत्र असते. ट्रेलरआधी ‘यू’ दिसले म्हणून चित्रपट ‘यू’ ठरत नाही. डब केलेल्या आवृत्तीलाही वेगळे प्रमाणपत्र लागते, म्हणून ज्या भाषेतला खेळ बघायचा त्याच भाषेची नोंद तपासावी. जुना चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला आणि त्यावर आकड्याशिवाय नुसते ‘यूए’ असेल, तर तो १९८३च्या जुन्या, बारा वर्षांच्या मापाने तोललेला आहे.

१७-१८च्या उंबरठ्यावरच्या मुलामुलींनी ‘ए’ला जाताना जन्मतारीख असलेले ओळखपत्र जवळ ठेवावे. जन्मतारीख नसलेले कॉलेजचे कार्ड वयाचा पुरावा म्हणून पुरत नाही. अडवल्यावर पैसे परत मिळतीलच असे नाही. बुकिंग करताना ‘ए’ची सूचना दाखवून होकार घेतलेला असतो, आणि परतावा नाकारताना त्याच होकाराकडे बोट दाखवले जाते.

वर्गीकरणात जे मोजलेच जात नाही तेही सांगायला हवे, कारण तीन-चार वर्षांच्या मुलांचे रडणे बहुधा तिथूनच सुरू होते. मंडळाची समिती हिंसा, लैंगिकता, भाषा, व्यसन, भीती असा आशय बघते, आवाजाची पातळी नाही. चित्रपटगृहाची ध्वनियंत्रणा ज्या संदर्भपातळीवर लावतात ती दर ध्वनिवाहिनीला ८५ डेसिबल आहे, आणि क्षणिक उच्चांक १०५पर्यंत जाऊ शकतात. ‘यू’ चित्रपटातला स्फोटही तेवढाच मोठा असतो. लहान मुलासाठी पडद्याजवळच्या आणि भिंतीवरच्या स्पीकरला लागून असलेल्या जागा टाळाव्यात, मधल्या रांगेत मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची घ्यावी, कानावर बसणारे आवाजरोधक मफ सोबत ठेवावेत. पहिल्या दहा मिनिटांत मुलाने कान झाकले, तोंड फिरवले किंवा अंगाला बिलगून बसले, तर मध्यंतराची वाट न बघता बाहेर यावे.