मुदतीचा मजूर: हंगामी आणि कायम स्थलांतराच्या धोरणांची पार्श्वभूमी

बडोद्यात दांडिया बाजार किंवा रावपुरा भागातल्या मराठी घरांत परदेशी गेलेल्या मुलाची चौकशी करताना पगाराच्या आधी ‘पीआर झाला का?’ किंवा ‘ग्रीन कार्डाचे कुठवर आले?’ असे विचारले जाते. वर्क परमिट आणि कायम वास्तव्य (म्हणजे पीआर, अमेरिकेत ग्रीन कार्ड) यांतला जो फरक या प्रश्नात गृहीत धरलेला असतो, तो कामाच्या स्वरूपातून आलेला नाही. काम बहुधा वर्षानुवर्षे चालणारेच असते. मुदत ते करणाऱ्याला लावलेली असते. ही मुदत कोणाच्या सोयीने ठरत गेली आणि तिचा खर्च कोणी उचलला, हे पाहायचे तर जवळजवळ दोनशे वर्षे मागे जावे लागते.

ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, आणि १८३४ पासून मॉरिशसकडे भारतीय मजुरांची जहाजे जाऊ लागली. करार सहसा ५ वर्षांचा असे; त्या ‘ॲग्रीमेंट’चेच बोलीत ‘गिरमिट’ झाले. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत हे मजूर १८६० मध्ये पोहोचले. मुदत संपल्यावर अनेकांनी तिथेच शेती आणि व्यापार सुरू केला, आणि मजूर हवा पण शेजारी नको, ही गोऱ्या वसाहतवाल्यांची भूमिका उघडी पडली. १८९५ च्या कायद्याने अशा मजुरांपुढे तीनच वाटा ठेवल्या: पुन्हा गिरमिट करावे, भारतात परतावे, किंवा वर्षाला ३ पौंड कर भरावा. गिरमिटाच्या पहिल्या वर्षी रोख मजुरी महिन्याला १० शिलिंग असे, म्हणजे हा कर ६ महिन्यांच्या मजुरीइतका होता. भारतातून नवा मजूर आणण्यापेक्षा शिकलेला जुना मजूर पुन्हा बांधून घेणे मळेवाल्याला स्वस्त पडे. कराचा खरा उपयोग तिथे होता. गोपाळ कृष्ण गोखले १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेला गेले तेव्हा त्यांनी हा प्रश्न तिथल्या मंत्र्यांपुढे मांडला. १९१३ च्या मोठ्या संपानंतर, १९१४ मध्ये कर रद्द झाला. गिरमिट पद्धतच बंद करावी हा गोखल्यांचा १९१२ चा ठराव मध्यवर्ती विधिमंडळात फेटाळला गेला होता. मजूरभरती थांबली ती १९१७ मध्ये, गोखल्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी.

मुदतीच्या मजुरीचे अर्थशास्त्र या एका उदाहरणात बरेचसे दिसते. मजूर लहानाचा मोठा होतो तो खर्च त्याच्या गावाने केलेला असतो आणि म्हातारपणाचा भारही गावाकडेच परत जातो; मधली कमावती वर्षे यजमान देशाला मिळतात. परवाना एकाच मालकाशी जोडलेला असला की मजुराला चांगल्या पगाराच्या शोधात दार बदलता येत नाही, त्यामुळे मजुरी दबून राहते. मुदतीवर गेलेला माणूस कमाईचा मोठा हिस्सा घरी पाठवतो, म्हणून पाठवणाऱ्या देशालाही ही व्यवस्था गैरसोयीची वाटत नाही.

अमेरिकेने १९४२ ते १९६४ या काळात मेक्सिकोतून शेतमजूर आणण्यासाठी ‘ब्रासेरो’ योजना चालवली, आणि तिच्याखाली ४५ लाखांहून अधिक करार झाले. मजूर परत जावा म्हणून सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतून १० टक्के रक्कम कापून मेक्सिकोतल्या बँकांकडे पाठवली जाई. ती कित्येकांना कधीच मिळाली नाही. योजना बंद केल्यास स्थानिक शेतमजुरांची मजुरी वाढेल, अशी अपेक्षा होती. तसे घडले नाही. मळेवाल्यांनी टोमॅटो तोडणीसारख्या कामांत यंत्रे आणली आणि काही पिके कमी केली.

पश्चिम जर्मनीचा अनुभव सर्वांत बोलका आहे. १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार झाले. तुर्की मजुराने दोन वर्षांनी परत जावे आणि त्याच्या जागी नवा यावा, असे ठरले होते. ही अट कारखानदारांनाच नको झाली, कारण यंत्रावर तयार झालेला माणूस घालवून नव्याला पहिल्यापासून शिकवणे त्यांना महाग पडत होते. १९६४ मध्ये ती सोडून देण्यात आली. १९७३ पर्यंत आलेल्या सुमारे १ कोटी ४० लाखांपैकी सुमारे १ कोटी १० लाख माणसे परत गेली, हेही विसरता कामा नये. मात्र नोव्हेंबर १९७३ मध्ये भरती बंद झाल्यावर चित्र पालटले. एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही हे कळल्यावर उरलेल्यांनी मुक्काम पक्का केला आणि बायकामुलांना बोलावून घेतले. दार उघडे असते तर यांतले बरेच जण येत-जात राहिले असते, असे मला वाटते.

त्याच सुमारास तेलाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या आखाती देशांनी ‘कफाला’ पद्धतीने मजूर मालकाशीच बांधला, आणि भारताने १९८३ मध्ये परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी उत्प्रवास कायदा केला. कॅनडाने १९६७ मध्ये शिक्षण, भाषा, अनुभव यांना गुण देऊन माणसाला पहिल्या दिवसापासून कायमचा स्वीकारण्याची वाट धरली होती. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने कुशल नोकरदारांसाठी एच-वन-बी व्हिसा आणला. तो मुदतीचा, सहसा ६ वर्षांचा. पण ग्रीन कार्डाचा अर्ज करण्यास त्याची आडकाठी नाही. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार आणि कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्के, या मर्यादेमुळे भारतीयांची रांग इतकी लांबली, की २००० मध्ये रांगेतल्यांसाठी ६ वर्षांपुढे मुदतवाढीची सोय करावी लागली. आपली मुले कागदोपत्री हंगामी राहून तिकडे संसार थाटतात ती या तरतुदीच्या आधाराने.

देशाच्या आत राज्यघटनेने कुठेही राहण्याचे स्वातंत्र्य दिले असले, तरी हंगामी मजुरीचा प्रश्न सुटलेला नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारामार्फत आणलेल्या मजुराला महिन्याच्या मजुरीच्या निम्मा, किमान ७५ रुपये, विस्थापन भत्ता देऊ केला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत तो राहिला नाही, वर्षातून एकदा प्रवासभत्ता आला. बडोद्याच्या बांधकामांवर झाबुआ, अलिराजपूरचे भिल्ल मजूर दाहोदच्या मजुरांबरोबर काम करतात. जुना कायदा मध्य प्रदेशातून आलेल्यालाच लागू होत असे, कारण दाहोदचा मजूर तेवढेच अंतर तोडून आला तरी त्याने राज्याची सीमा ओलांडलेली नसे.