एलिकॉट सिटी रेल्वे स्थानक

एलिकॉट सिटी रेल्वे स्थानक : अमेरिकेच्या मेरिलंड राज्यातील, पटॅप्स्को नदीकाठचे दगडी स्थानक. बांधकाम १८३०-३१. अमेरिकेत अजून उभ्या असलेल्या रेल्वे स्थानकांत हे सर्वांत जुने मानले जाते.

एलिकॉट बंधूंनी १७७२ मध्ये येथे पिठाच्या गिरण्या काढल्या, म्हणून गावाला एलिकॉट्स मिल्स म्हणत. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पहिला, सु. २१ किमी.चा टप्पा याच गावापर्यंत होता. मे १८३० मध्ये तो खुला झाला तेव्हा रुळांवरचे डबे घोडे ओढीत. वाटेत घोडे बदलत त्या जागेचे नाव ‘रिले’ पडले. घोडे गेले, नाव टिकले.

त्याच वर्षी पीटर कूपर या उद्योजकाने ‘टॉम थंब’ हे छोटे वाफेचे इंजिन या मार्गावर चालवून दाखवले. बाष्पकाच्या (बॉयलरच्या) नळ्यांसाठी त्याने बंदुकीच्या नळ्या वापरल्या होत्या. परतीच्या वाटेवर इंजिनाची घोड्याशी शर्यत लागली, आगीला वारा घालणाऱ्या पंख्याचा पट्टा निसटला आणि घोडा जिंकला, असे सांगतात. गोष्टीला तिखटमीठ लागले असावे. पण पुढच्याच वर्षी कंपनी वाफेकडे वळली, म्हणजे खरी शर्यत घोडा हरलाच.

अमेरिकेत लहान गावच्या स्थानकाला ‘डेपो’ म्हणतात. मराठी कानांना त्यात एसटी ऐकू येते; मूळ अर्थ मात्र कोठार, आणि या इमारतीला तो शब्दशः लागू पडतो. ती मालासाठीच बांधली होती. उतारूंची सोय सुरुवातीला शेजारच्या हॉटेलात होई. प्रवाशांसाठी आत खोल्या निघाल्या त्या १८५०च्या दशकात. जागा उतारावर आहे. त्यामुळे रस्त्यावरून पाहिले तर इमारत उंच, जाड ग्रॅनाइटची, जवळपास किल्ल्यासारखी भासते. रुळांच्या बाजूने तीच बुटकी दिसते, कारण रूळ वरच्या मजल्याच्या पातळीवर आहेत.

गावाला १८६७ मध्ये शहराची सनद आणि आजचे नाव मिळाले. सनद १९३५ मध्ये गेली. नावातली ‘सिटी’ तेवढी राहिली. विसाव्या शतकाच्या मध्यास प्रवासी गाड्या बंद झाल्या. १९६८ मध्ये स्थानकाला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. १९७२ मध्ये ॲग्नेस वादळाच्या पुराने खोऱ्याची दैना केली; २०१६ व २०१८ मध्ये मुख्य रस्त्यावरून पाण्याचे लोंढे स्थानकाच्या बाजूने नदीकडे धावले. इमारतीत आता संग्रहालय आहे. शेजारच्या रुळांवरून मालगाड्या अजून जातात, थांबत नाहीत.