आरशासारखं पाणी, उलटं विमान

15 जुलै 2019 रोजी कॅनडातल्या लॅब्राडोरमध्ये, मिस्टास्टिन तळ्यात ‘बीव्हर’ जातीचं एक तरतं विमान कोसळलं. मासेमारीला निघालेले पाहुणे, त्यांचे वाटाडे आणि वैमानिक असे सात जण त्यात होते. कोणीही वाचलं नाही. त्या भागात रस्ते नाहीत, तळं हीच धावपट्टी. (तळंही साधंसुधं नाही. सुमारे 3 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी अशनी आदळून पडलेल्या विवरात ते साठलंय.)

तरत्या विमानाला चाकांच्या जागी होडीसारखे दोन फ्लोट असतात. पाण्यावर उतरायचं म्हटलं की आपल्याला लाटांची भीती वाटते, पण वैमानिक धसका घेतात तो निपचित पाण्याचा. खाली उतरताना आपले डोळे गवत, खडे, लाटांच्या रेघा पाहून उंची जोखतात. वारा पडला की तळ्याचा आरसा होतो, त्यात आभाळ उतरतं आणि पाणी पाच फुटांवर आहे की पन्नास, काही कळत नाही. अशा वेळी वैमानिक काठाच्या जवळून येतो, नाक किंचित वर धरतो आणि इंजिनाचा जोर कायम ठेवून मिनिटाला जेमतेम दीडशे फूट खाली येत राहतो. पाणी कधी लागेल हे तो ताडायला जात नाही, लागेपर्यंत वाट पाहतो.

फ्लोटचं टोक पाण्यात घुसलं तर मात्र खेळ संपतो. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट. फ्लोट अडतात, वरचा भार पुढे झेपावतो आणि विमान कोलांटी खातं. खरा घात यानंतर होतो. हवा भरलेले फ्लोट वर तरंगत राहतात आणि केबिन त्यांच्याखाली पाण्यात उलटी लोंबते.

नोव्हेंबर 2009 मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या सॅटर्ना बेटाजवळ, समुद्रात, असंच एक बीव्हर पडलं. आठांपैकी दोघं बाहेर आले, सहा जण आतच बुडाले. चारपैकी दोन दारं जाम झाली होती. त्यानंतर कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने झटकन निखळणारी दारं-खिडक्या बसवण्याची आणि प्रवाशांनी लाइफ जॅकेट अंगावर घालूनच बसण्याची शिफारस केली. जॅकेट फुगवायचं ते बाहेर पडल्यावर. आत फुगवलं तर ते माणसाला उलट्या केबिनच्या फरशीला चिकटवून ठेवतं.

त्यात पाणी गार असेल तर पहिल्याच क्षणी आपोआप धाप लागते, आणि श्वास रोखून धरणं काही सेकंदांपलीकडे जमत नाही.

पट्टा सोडायची घाई सगळ्यांनाच होते, पण तो सुटला की शरीर तरंगतं आणि दिशा हरवते. म्हणून प्रशिक्षणात क्रम घोटून घेतात: एक हात दाराच्या कडीवर, दार उघडायचं, मगच पट्टा. खुर्चीला बांधलेल्या माणसाच्या डाव्या हाताचं दार विमान उलटल्यावरही डाव्याच हाताला असतं.