कंपोझिट ब्लेड काचेसारखं फुटतं?

आइस हॉकीत वर्षानुवर्षं एक समज पक्का बसलाय: स्टिकचं खालचं पातं, म्हणजे ब्लेड, लाकडी असेल तर टिकाऊ, कंपोझिट (कार्बन फायबरचं) असेल तर ठिसूळ. टीव्हीवर शॉट मारताना स्टिकचे दोन तुकडे होताना दिसतात, मग तो आणखी घट्ट होतो.

पण लाकूड पाणी पितं. 1960च्या दशकात शिकागोचे खेळाडू स्टॅन मिकिता आणि बॉबी हल ब्लेड भिजवूनच वाकवायचे, कारण ओलं लाकूड नरम पडतं. बर्फावर खेळताना हेच आपोआप घडतं. टेप लावली तरी ओल आत जाते, टोकाचे तंतू सुटतात आणि ब्लेड लिबलिबीत होतं. ते तुटत नाही म्हणून टिकाऊ वाटतं, पण पास नेमका जात नाही. माझ्या मते ते ब्लेड तेव्हाच संपलेलं असतं.

कंपोझिटमध्ये फोमच्या गाभ्याभोवती कार्बन फायबरचे थर असतात. ते बहुधा एका शॉटने मोडत नाही. आधी कुणाची तरी स्टिक त्यावर आपटलेली असते, किंवा गोलच्या लोखंडी खांबाचा फटका बसलेला असतो. थरात बारीक चीर पडते, दिसत नाही. पुढचा जोरदार शॉट फक्त निमित्त ठरतो.

कंपोझिटला लाकडासारखा फील नाही, ही तक्रार मात्र अगदीच खोटी नाही. लाकूड कंपनं जिरवतं, म्हणून पास झेलताना पक (खेळातली रबरी चकती) हलका बसतो. पहिल्या कंपोझिट ब्लेडवरून तो टणकन उडायचा. पुढे गाभा बदलला आणि हा फरक बराच कमी झाला.

जुनं कंपोझिट घेताना टेप काढून घ्या, टोक अंगठ्याने दाबा, नाण्याने ठोका. एखाद्या जागी आवाज बद्द आला तर तिथे थर सुटलेत.