कादंबरीकार-गुप्तहेर रहस्यकथा (व्हिक्टोरियन)

ऐतिहासिक रहस्यकथेचा एक उपप्रकार. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीतील (१८३७–१९०१) एखादा खराखुरा इंग्रजी कादंबरीकार या कथांमध्ये हौशी गुप्तहेर होऊन गुन्ह्याचा छडा लावतो. गुन्हा बहुधा कल्पित असतो; स्थळ, काळ आणि पुष्कळशी दुय्यम पात्रे मात्र खरी असतात. चार्ल्स डिकन्स, विल्की कॉलिन्स, ब्राँटे भगिनी, ल्युइस कॅरल, ऑस्कर वाइल्ड आणि आर्थर कॉनन डॉयल हे लेखक नायक म्हणून विशेष आढळतात. वाइल्डने एकच कादंबरी लिहिली असली तरी रूढीने त्याचा समावेश येथे होतो. लेखकाचे केवळ चरित्र रंगवणाऱ्या किंवा लेखक ओझरता डोकावून जातो अशा कादंबऱ्या या प्रकारात धरत नाहीत.

उगम : या प्रकाराच्या उगमाबद्दल एकमत नाही. एक मत त्याचे मूळ लिलियन द ला टोरे या अमेरिकन लेखिकेकडे नेते. तिने १९४० च्या दशकात डॉ. सॅम्युएल जॉन्सनला गुप्तहेर करून कथा लिहिल्या आणि निवेदन जॉन्सनचा प्रत्यक्ष चरित्रकार बॉस्वेल याच्या तोंडी घातले. त्यांचा पहिला संग्रह १९४६ मध्ये निघाला. जॉन्सन अठराव्या शतकातला, कादंबरीकार म्हणूनही तो ओळखला जात नाही. तरीही नामवंत साहित्यिक शोध घेतो आणि त्याचा खरा सहवासी तो लिहून ठेवतो, ही चौकट येथे पूर्ण तयार झालेली दिसते. पुढच्या अनेक लेखकांनी ती उचलली.

दुसरे मत विल्यम जे. पामर या अमेरिकन प्राध्यापकाच्या १९९० मधील ‘द डिटेक्टिव्ह अँड मिस्टर डिकन्स’ या कादंबरीला पहिलेपणाचा मान देते. तिच्यामुळे या प्रकाराला मालिकेचे रूप आले, हे खरे. परंतु जॉन डिक्सन कार याने १९७२ मध्येच ‘द हंग्री गॉब्लिन’ या आपल्या शेवटच्या कादंबरीत १८६९ चे लंडन उभे करून कॉलिन्सला गुप्तहेर केले होते. तेव्हा व्हिक्टोरियन कादंबरीकार आणि पूर्ण लांबीची कादंबरी या दोन्ही कसोट्या लावल्यास कारकडे अग्रक्रम जातो.

तिसरे मत आणखी मागे जाते, आणि आशयाच्या दृष्टीने तेच अधिक पटणारे आहे. या कथांचे बीज डिकन्सच्या स्वतःच्या पत्रकारितेत आहे. लंडनच्या महानगर पोलिसांची गुप्तहेर शाखा १८४२ मध्ये दोन निरीक्षक आणि सहा सार्जंट एवढ्यांवर सुरू झाली. लोकांना साध्या वेशातले पोलीस म्हणजे सरकारी हेरगिरी वाटे. डिकन्सला मात्र या माणसांचे विलक्षण आकर्षण होते. १८५० च्या उन्हाळ्यात त्याने त्यांना ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ या आपल्या साप्ताहिकाच्या कचेरीत बोलावले, त्यांचे किस्से ऐकले आणि किंचित बदललेल्या नावांनी छापले. चार्ल्स फील्डचा ‘वील्ड’ झाला, जोनाथन व्हिचरचा ‘विचेम’. जून १८५१ मध्ये त्याने फील्डबरोबर रात्री लंडनमधल्या सेंट जाइल्सच्या गरीब वस्तीत फिरून त्या फेरीवर लेख लिहिला. त्यात दार ठोठावणारा फील्ड असतो आणि पाहणारा, टिपणारा डिकन्स. पुढे कादंबरीकारांना एवढेच करायचे राहिले की या पाहणाऱ्यालाच शोधाच्या कामाला जुंपायचे. ‘ब्लीक हाउस’मधील (१८५२–५३) निरीक्षक बकेटचा नमुना फील्ड होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

कॉलिन्सचा संबंध वेगळ्या वाटेने येतो. १८६० मधील रोड हिल हाउस येथील बालहत्येत व्हिचरने मुलाची सावत्र बहीण कॉन्स्टन्स केंट हिच्यावर संशय घेतला आणि त्यापायी त्याची नाचक्की झाली. १८६५ मध्ये तिने स्वतःच कबुली दिली. या प्रकरणातला हरवलेला रात्रीचा झगा कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’मध्ये (१८६८) डाग लागलेला झगा होऊन येतो.

निवेदन आणि पोकळ्या : निवेदक सहसा दुय्यम साहित्यिक असतो. पामरच्या मालिकेत कॉलिन्सची गुप्त रोजनिशी सापडल्याची कल्पना आहे. जाइल्स ब्रँडरेथच्या वाइल्ड-मालिकेत (२००७ पासून) वाइल्डचा मित्र व चरित्रकार रॉबर्ट शेरर्ड निवेदन करतो. हस्तलिखित सापडल्याची युक्ती जुनीच. येथे ती लेखकाला चरित्रातील पोकळ्यांत शिरायला वाट करून देते. अशा पोकळ्या मुबलक आहेत. डिकन्सने सप्टेंबर १८६० मध्ये गॅड्‌स हिल या आपल्या घरी वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार जाळला. कॅरलच्या रोजनिशीच्या तेरा खंडांपैकी चार गहाळ आहेत. एमिली ब्राँटेची पत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. जिथे कागद बोलतात तिथे मात्र त्यांना बाजूला सारणे कथेला बाधते. पामरने डिकन्स आणि अभिनेत्री एलन टर्नन यांना १८५१ मध्येच एकत्र आणले. त्यांची खरी भेट १८५७ ची. १८५१ मध्ये टर्नन लहान मुलगी होती, हे लक्षात घेता हा फरक किरकोळ म्हणता येत नाही. उलट जे. सी. ब्रिग्जने २०१४ मध्ये सुरू केलेल्या मालिकेतील पहिली कादंबरी युरेनिया कॉटेज या आश्रयगृहात घडते. निराधार आणि वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी ते डिकन्स आणि अँजेला बर्डेट-कूट्‌स यांनी १८४७ मध्ये उघडले होते. एका खून झालेल्या स्त्रीसाठी डिकन्सने धावपळ करावी याला तेथे खरे कारण मिळते, आणि म्हणून ही निवड फार चांगली आहे.

ब्राँटे भगिनींवर लॉरा जो रोलंड (२००८) आणि बेला एलिस (२०१९) यांच्या मालिका आहेत. रोलंडची कथा जुलै १८४८ मध्ये शार्लट आणि अ‍ॅन आपण दोन स्वतंत्र लेखिका आहोत हे प्रकाशकाला पटवायला लंडनला गेल्या, त्या प्रत्यक्ष प्रवासापासून निघते. एलिस १८४५ निवडते, म्हणजे त्यांच्या कादंबऱ्या छापल्या जाण्यापूर्वीचा काळ. वाइल्ड आणि डॉयल ३० ऑगस्ट १८८९ रोजी लंडनच्या लँगहॅम हॉटेलात एका अमेरिकन मासिकाच्या संपादकाबरोबर जेवले होते. ब्रँडरेथने दोघांची जोडी जमवली ती त्या आधारावर. डॅन सिमन्सची ‘ड्रूड’ (२००९) डिकन्स ज्यातून बचावला त्या ९ जून १८६५ च्या स्टेपलहर्स्ट रेल्वे अपघातापासून सुरू होते. निवेदक कॉलिन्स अफूच्या अर्काच्या अमलाखाली असल्याने ती रहस्यकथेपेक्षा भयकथेकडे अधिक झुकते.

कॉनन डॉयलचे वेगळेपण : या सर्वांत डॉयलने प्रत्यक्ष तपास केला होता. जॉर्ज एडलजी या तरुण वकिलाला स्टॅफर्डशरमधील ग्रेट वर्ली परिसरात जनावरांना जखमी केल्याबद्दल १९०३ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली. त्याचे वडील शापूरजी हे मुंबईचे पारशी. ख्रिस्ती होऊन ते तेथे धर्मगुरू झाले होते. डॉयलने १९०७ च्या जानेवारीत ‘डेली टेलिग्राफ’मध्ये पुराव्याची चिरफाड केली. जॉर्जची दृष्टी इतकी अधू होती की अंधारात शेते ओलांडून असे कृत्य करणे त्याला शक्य नव्हते, हा त्याचा मुख्य मुद्दा. त्याच वर्षी जॉर्जला माफी मिळाली, भरपाई मात्र नाही. फौजदारी अपील न्यायालयाची स्थापनाही १९०७ चीच. तिला या प्रकरणाने बळ मिळाले असे मानतात. काळाच्या काटेकोर हिशेबात हा खटला एडवर्डियन, म्हणजे व्हिक्टोरियानंतरच्या सातव्या एडवर्ड राजाच्या काळातला असल्याने त्यावर आधारलेली ज्युलियन बार्न्सची ‘आर्थर अँड जॉर्ज’ (२००५) या नोंदीच्या सीमेवर राहते. शिवाय तिच्यातला गुन्हाही कल्पित नाही.