जॅझच्या प्रवेश-चाचणीत जे विचारतात ते कुठून आले: खानदेशातून तयारी करणाऱ्यांसाठी पार्श्वभूमी

जॅझची पदवी देणाऱ्या संस्था बॉस्टनमधल्या असोत, लंडनमधल्या असोत की ऑस्ट्रियातल्या, प्रवेशाच्या वेळी मागतात त्या गोष्टी बऱ्याच सारख्या असतात. दोन-तीन तयार रचना, त्यांत बहुधा एक ब्लूज (ठरावीक छोट्या आवर्तनाची रचना) आणि एक संथ बॅलड. त्या रचनांवर जागच्या जागी सुचलेले वादन. बाराही सुरांपासून स्केल. समोर ठेवलेला कागद पहिल्या नजरेत वाजवणे, परीक्षकाने वाजवलेले ऐकून परत वाजवणे, आणि अनेक ठिकाणी जुन्या ध्वनिमुद्रणातला एखादा सोलो (एकट्याचे उत्स्फूर्त वादन) जसाच्या तसा. हे सगळे अनेकदा पंधरा-वीस मिनिटांत आटोपते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडचा विद्यार्थी ही यादी हातात घेतो आणि एकेक बाब सुटी सुटी घोकायला लागतो. त्यात वर्ष जाते आणि वादन मात्र जुळत नाही. यादीतली प्रत्येक बाब कोणाच्या तरी पोटापाण्याच्या गरजेतून आली आहे. ती गरज समजली की सराव नेमका कशाचा करायचा, हे स्पष्ट होते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्समध्ये मिरवणुकीला, अंत्ययात्रेला, नाचाला बँड लागायचे. त्यांत क्रिओल (मिश्र वंशाच्या) घरांतले, नोटेशन शिकलेले वादक होते आणि बरेचसे कानावरच वाजवणारे कृष्णवर्णीय वादकही होते. दोन्ही तऱ्हा एकत्र आल्या. १९१७ साली जॅझची पहिली तबकडी निघाली. पुढे १९२०-३०च्या दशकांत नाचाच्या मोठ्या बँडचे दिवस आले, तेव्हा रोज नव्या रचनेचे कागद समोर यायचे आणि ते त्याच रात्री वाजवायचे असायचे. ज्याला वाचता येत नसे त्याला खुर्ची मिळणे अवघड. चाचणीतले पहिल्या नजरेचे वाचन या नोकरीतून आले. म्हणूनच परीक्षक एखादा सूर चुकला तर फारसे मनावर घेत नाहीत, पण वादक थांबला, मागे जाऊन दुरुस्ती करू लागला, तर नक्की घेतात. नाचणारे थांबत नाहीत. वाचनाचा सराव करताना मेट्रोनोम (ठोके देणारे यंत्र) सावकाश लावावा, एक चूक झाली की ती सोडून द्यावी आणि पुढच्या बारचा (चार मात्रांच्या खंडाचा) पहिला ठोका पकडावा. रोज नवे आठ बार वाचावेत. तेच ते पान पुन्हा वाचले की ते पाठ होते, वाचन राहत नाही.

सुचेल तसे वाजवण्याची परीक्षा मात्र बँडमधून आलेली नाही, ती आली जॅम सेशनमधून. काम संपल्यावर वादक रात्री उशिरा एकत्र बसत आणि नवख्याला सर्वांसमोर अजमावत. कॅन्सस सिटीच्या रेनो क्लबमध्ये १९३६च्या सुमारास चार्ली पार्कर नावाचा सॅक्सोफोन वाजवणारा मुलगा रचनेतली आपली जागा हरवून बसला, तेव्हा ड्रमवादक जो जोन्स यांनी झांज काढून त्याच्या पायाशी टाकली, हा प्रसंग जॅझच्या जगात सर्वांना माहीत आहे. त्याची बोटे कमी पडली नव्हती, त्याचे आवर्तन सुटले होते. नंतर त्याच पार्करने सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांचे सोलो तबकड्यांवरून शब्दशः उतरवून घेतले. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाऊसमध्ये थेलोनियस मंक, केनी क्लार्क, डिझी गिलेस्पी आणि हाच पार्कर असे वाजवत की ओळखीच्या रचनेतले कॉर्डही (साथीला एकत्र वाजणारे सूर) कच्च्या वादकाला पेलू नयेत. आजच्या चाचणीतले दोन प्रश्न इथले आहेत: आवर्तन धरून राहतो का, आणि कॉर्ड बदलला हे ऐकू येते का.

हे सगळे वर्गात आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४४च्या जी.आय. कायद्याने परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च अमेरिकी सरकारने उचलला, आणि त्यांच्यातल्या वादकांना नाचाच्या बँडचे काम पद्धतशीर शिकायचे होते. १९४५ साली लॉरेन्स बर्क यांनी बॉस्टनमध्ये शिलिंजर हाऊस सुरू केले. तेच पुढे बर्कली संगीत महाविद्यालय झाले. १९४७ साली नॉर्थ टेक्सासच्या महाविद्यालयात पहिली जॅझ पदवी सुरू झाली, तीही ‘डान्स बँड’ या नावाने, कारण जॅझ हा शब्द विद्यापीठाच्या कागदावर तेव्हा शोभत नसे. १९६५ साली इंग्लंडमध्ये लीड्सला आणि ऑस्ट्रियात ग्राझला जॅझचे शिक्षण सुरू झाले. १९६७ साली जेमी एबरसोल्ड यांनी सोलोविना नुसती साथ वाजवणारी तबकडी काढली, त्यामुळे साथीदार नसलेल्या गावातही सराव करता येऊ लागला. खानदेशातल्या मुलासाठी या इतिहासातली ही सर्वांत उपयोगी घटना आहे. १९७०च्या दशकात बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी परवानगीशिवाय छापलेले ‘रियल बुक’ जगभर पसरले आणि कोणत्या रचना सर्वांना यायला हव्यात याचा एक अलिखित अभ्यासक्रम ठरून गेला. त्याची अधिकृत आवृत्ती २००४ साली आली. जुन्या प्रतींमध्ये कॉर्डच्या चुका आहेत. निवडलेली रचना किमान तीन ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहावी.

आपल्याकडे जॅझ आला हॉटेलांतून. १९३५ साली अमेरिकी वादक लिऑन ॲबी यांचा बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजला. गोव्यात चर्चच्या पॅरिश शाळांत सॉल्फेज (सूर नावाने गाऊन वाचणे) शिकलेल्या वादकांनी ही विद्या पटकन उचलली. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड ही त्यांतली ठळक नावे. १९४९च्या दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतले काम आटले आणि हे वादक सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात जास्त दिसू लागले. सी. रामचंद्रांसारख्या संगीतकाराच्या गाण्यांत चिक चॉकलेट यांची ट्रम्पेट अशीच पोहोचली. सिनेमातून ती चाल वरातीच्या बँडमध्ये उतरली, म्हणजे खानदेशातल्या लग्नात क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट धरणाऱ्याच्या कानावर जॅझचे काही वळण आधीच पडलेले असते, त्याचे नाव माहीत नसले तरी. १९५८ साली अमेरिकी पियानोवादक डेव्ह ब्रूबेक भारतात वाजवून गेले, १९७८ साली मुंबईच्या रंगभवनात पहिली जॅझ यात्रा झाली. पूर्णवेळ पाश्चात्त्य संगीत शिकवणाऱ्या संस्था मात्र फार उशिरा उभ्या राहिल्या: चेन्नईत २००८ साली केएम कॉन्झर्व्हेटरी, मुंबईत २०१३ साली ट्रू स्कूल. जळगाव-भुसावळच्या मुलाला गुरू गाठायचा तर मुंबईची रात्रीची गाडी किंवा ऑनलाइन शिकवणी, एवढेच पर्याय आहेत.

आता प्रत्यक्ष तयारी. आपल्या मुलांचा कान बहुधा तयार असतो. भजनी मंडळात पेटी धरलेली असते, बँडमध्ये अहिराणी गाणे एकदा ऐकून वाजवलेले असते, किंवा गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिलेल्या असतात. हे भांडवल मोठे आहे. कमी असतात दोन गोष्टी: बदलत्या पट्ट्या आणि बदलते कॉर्ड.

पट्टीचे आधी. पेटीवर आपण काळी एक किंवा पांढरी चार धरून आयुष्य काढू शकतो. जॅझच्या रचना मात्र बऱ्याच वेळा बी-फ्लॅट, एफ आणि ई-फ्लॅटमध्ये असतात, म्हणजे काळी पाच, पांढरी चार आणि काळी दोन. कारण साधे आहे. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन बी-फ्लॅटची वाद्ये आहेत, आल्टो ई-फ्लॅटचे, आणि या पट्ट्यांत त्यांची बोटे सोपी पडतात. पियानोवरचा बी-फ्लॅट टेनरवाल्याच्या कागदावर सी असतो आणि आल्टोवाल्याच्या कागदावर जी. हा हिशेब न करता आल्टोवाला पियानोची लीड शीट (चाल आणि कॉर्ड लिहिलेला कागद) घेऊन जातो आणि साथीदारांशी पहिल्याच बारला भांडण होते. परीक्षकांसाठी पियानोच्या पट्टीतल्या प्रती आणि स्वतःसाठी आपल्या वाद्याची प्रत, दोन्ही बरोबर असावीत.

कॉर्डचा गाभा म्हणजे टू-फाइव्ह-वन, पट्टीतल्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या सुरावरचे तीन कॉर्ड ओळीने. सरगमीत तो असा दिसतो. सा काळी पाच धरला तर पहिला कॉर्ड रे-म-ध-सा, दुसरा प-नि-रे-म, तिसरा सा-ग-प-नि. थाट बदलत नाही, सगळे बिलावलचेच सूर आहेत. रे पासून मोजले की काफी, प पासून मोजले की खमाज. इथेच आपला विद्यार्थी फसतो. तो तंबोरा मनात ठेवून तिन्ही कॉर्डवर सा वर विसावतो. मधल्या कॉर्डवर तो सा खटकतो, कारण तिथे नि हवा असतो. उपाय असा: आधी फक्त दोन सूर वाजवावेत. पहिल्या कॉर्डवर सा, दुसऱ्यावर तो उतरून नि. मग पहिल्या दोन्ही कॉर्डवर म, तिसऱ्यावर तो उतरून ग. हे उतरणे ऐकू आले की कॉर्ड ऐकू आला. आधी गळ्यातून, मग वाद्यातून, आणि आठवड्याला दोन पट्ट्या, म्हणजे दीड महिन्यात बारा होतात. तान त्यानंतर. राग चांगला गाणाऱ्या मुलांनी इथे रागाचे नियम बाजूला ठेवावेत. काफी थाट म्हणजे काफी राग नव्हे, आणि पकड घालण्याच्या नादात कॉर्ड हातचा जातो.

ब्लूजचे आवर्तन १२ बारांचे, ४८ मात्रांचे. यात पाचव्या बारला शुद्ध ग जाऊन कोमल ग येतो. परीक्षक ज्या जागेकडे कान लावून बसतात ती ही. तिथे कोमल ग दिसला की वादक रचनेत आहे हे त्यांना कळते. संपूर्ण सोलो एकाच ब्लूज स्केलवर वाजवला तर कुठेच चुकत नाही आणि काहीच सांगितलेही जात नाही. बऱ्याच इतर रचना ३२ बारांच्या, १२८ मात्रांच्या असतात. मिनिटाला १२० ठोक्यांनी ब्लूजचे एक आवर्तन २४ सेकंदांत संपते, ३२ बारांचे ६४ सेकंदांत. चाचणीत बहुधा मुखडा, दोन आवर्तने आणि पुन्हा मुखडा एवढेच वाजते, म्हणून दोन आवर्तनांत बोलण्यासारखे काही आहे का याची तयारी हवी. दहा आवर्तनांची नको.

लयीची अडचण निराळी आहे. आपला ठेका समेवर येतो, वरातीचा ढोलही पहिल्या मात्रेवर जोर देतो. जॅझमध्ये जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, जिथे ड्रमवादकाच्या पायाखालची झांज मिटते. १२० च्या लयीसाठी मेट्रोनोम ६० वर लावावा आणि त्याचा टोला दोन-चार समजावा. आरंभी तो घसरून एक-तीन होतो. तसे झाले की थांबून पुन्हा मोजावे, तसेच रेटू नये. दोन सुरांच्या जोडीतला पहिला सूर मध्यम लयीत दुसऱ्याच्या साधारण दुप्पट लांब असतो, लय वाढली की हे अंतर मिटत जाते. द्रुत लयीतही तोच झोका ठेवला तर वादन लंगडते. आणि प्रत्येक वाक्य तिहाई घेऊन समेवर आपटण्याची सवय थोडी आवरावी. जॅझचे वाक्य पुष्कळदा चौथ्या मात्रेच्या मागच्या अर्ध्यावर संपते.

उतरवून घेतलेला सोलो हा चाचणीतला सर्वांत प्रामाणिक भाग आहे आणि त्यालाच आपल्याकडे सर्वांत कमी वेळ दिला जातो. छापील सोलो विकत मिळतात, पण त्यांवरून शिकलेले लगेच उघडे पडते. सूर बरोबर असतात. जिभेचा ठोका, मागे रेंगाळणे, सूर ओढणे हे गायब असते. एक-दोन आवर्तनांचा सोलो निवडावा. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत असल्याने त्या काळातले सोलो नेमके एवढेच असतात. वेग ७५ टक्क्यांपर्यंत कमी करून ऐकावे, फार कमी केला तर झोकाच नाहीसा होतो. पूर्ण गाता येईपर्यंत वाद्य हातात घेऊ नये. कागदावर सर्वांत शेवटी लिहावे.

वाद्याबद्दल थोडे. वरातीत आवाज लांब जावा म्हणून पूर्ण जोराने फुंकायची सवय असते. छोट्या खोलीत बॅलड वाजवताना तोच जोर सूर वर नेतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर गेला की फुंकवाद्ये आणखी चढतात, तेव्हा ट्यूनर ४४० वर ठेवून मुखपीस (ट्रम्पेटवर ट्यूनिंग स्लाइड) थोडे बाहेर ओढावे लागते, आणि रीड कोरड्या होऊन तडकतात. गिटार कोरड्या हवेत चिरते, तिच्या केसमध्ये ओला स्पंज डबीत घालून ठेवावा. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर शिकलेल्याने चाचणीपूर्वी निदान दोन महिने ८८ पट्ट्यांच्या वजनदार पियानोवर बसावे, नाहीतर बॅलडमधले हलके-जड हाताला सापडत नाही.

पहिली फेरी बहुधा व्हिडिओची असते. एकच कॅमेरा, हात दिसतील असा, आणि मध्ये काटछाट नाही. मोबाइल दीड-दोन मीटरवर ठेवावा, जवळ ठेवला की ट्रम्पेटचा आवाज फाटतो. कूलर बंद करावा, त्याची घरघर प्रत्येक विरामात ऐकू येते. ऑनलाइन थेट चाचणी असेल तर झूममधली ‘ओरिजिनल साउंड’ ही सोय चालू करावी, नाहीतर लांब सूर गोंगाट समजून कापला जातो. परीक्षकांबरोबर एकत्र वाजवणे नेटवरच्या विलंबामुळे जमत नाही, साथीचा ट्रॅक आपल्याच बाजूला वाजवायचा असतो. वीज जाण्याची शक्यता धरून मोबाइल डेटाची सोय तयार ठेवावी.

राहिले वेळापत्रक. ब्रिटनमधल्या बहुतेक कॉन्झर्व्हेटॉयरचे (संगीत महाविद्यालयांचे) अर्ज युकास या केंद्रीय अर्जव्यवस्थेमार्फत ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद होतात, अमेरिकेतल्या अनेक संस्थांचे डिसेंबरच्या आसपास. प्रत्यक्ष चाचण्या बऱ्याचदा जानेवारी ते मार्चमध्ये, आणि बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणून व्हिडिओसाठीच्या रचना अकरावीच्या उन्हाळी सुट्टीत पक्क्या व्हाव्यात, बारा पट्ट्या आणि उतरवलेला सोलो दिवाळीपर्यंत, आणि जानेवारीपासून रोजचा तासभर फक्त वाचन आणि दोन आवर्तनांच्या वादनासाठी ठेवावा.