घाबरलेल्या माणसाचं खरं मत कसं मोजायचं?

"पुतीनला 80 टक्क्यांच्या वर पाठिंबा" अशी बातमी अधूनमधून येतेच, आणि खाली कमेंट्समध्ये लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते बघा, याला म्हणतात नेता, दुसरी म्हणते आकडे बनवलेत सगळे. मला दोन्ही पटत नाहीत. आकडे बनवायची गरजच काय, घरी येऊन कोणी अनोळखी माणूस विचारतोय "राष्ट्राध्यक्षांचं काम तुम्हाला पटतं का?" तर माणूस आपणहूनच "हो हो, पटतं" म्हणून मोकळा होईल की. म्हणजे सर्व्हे प्रामाणिक आणि आकडा तरी चुकीचा, असं होऊ शकतं.

सोव्हिएत काळात तर हा प्रश्न विचारायलाच फारशी मुभा नव्हती. 1972 च्या सुमारास मॉस्कोच्या समाजशास्त्र संस्थेची साफसफाई झाली आणि युरी लेवादासारख्या समाजशास्त्रज्ञांना बाहेर पडावं लागलं. गोर्बाचेव्हच्या काळात, 1987 मध्ये, जनमत मोजणारं पहिलं देशव्यापी केंद्र निघालं, पुढे लेवादा त्याचे प्रमुख झाले, 2003 मध्ये सरकारने तिथे आपली माणसं बसवायला घेतली तेव्हा ते टीमसकट बाहेर पडले आणि वेगळं लेवादा सेंटर काढलं. 2016 मध्ये त्या सेंटरवर 'परदेशी एजंट' असा शिक्का बसला. आता असा शिक्का बसलेल्या संस्थेचा माणूस दारात आल्यावर कोण मोकळेपणाने बोलेल?

इथे ती युक्ती येते जिच्यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला, लिस्ट एक्सपेरिमेंट, म्हणजे यादीचा प्रयोग. 2015 च्या जानेवारीत आणि मार्चमध्ये अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ टिमथी फ्राय आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी लेवादाच्याच सर्व्हेत, दर वेळी साधारण 1600 लोकांवर, ती वापरली. लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडायचे. पहिल्याला तिथल्या जुन्या नेत्यांची तीन नावं दाखवायची, स्टालिन, ब्रेझनेव्ह, येल्त्सिन, आणि म्हणायचं, यातले कोण आवडतात ते सांगू नका, किती आवडतात तेवढा आकडा सांगा. दुसऱ्या गटाला तीच तीन नावं अधिक पुतीन. समजा पहिल्या गटाची सरासरी आली 1.1 आणि दुसऱ्याची 1.9, तर फरक 0.8, म्हणजे पुतीनला 80 टक्के. कोणा एकाने "दोन" म्हटलं तर ते दोन कोण हे विचारणाऱ्यालाही कळत नाही, पण गटाचं उत्तर मात्र बाहेर पडतं. तान्हं बाळ काट्यावर स्वस्थ पडत नाही म्हणून आईला बाळासकट उभं करतात आणि मग आईचं वजन वजा करतात ना, तसंच, फक्त इथे दोन्ही वेळा आई वेगळी असते.

आणि ती वेगळी असते म्हणूनच हे महाग पडतं. 1600 लोकांना थेट विचारलं तर चूक दोनेक टक्के इकडे-तिकडे. यादीत मात्र 800-800 चे दोन गट, प्रत्येकाच्या आकड्यात स्टालिन-येल्त्सिनच्या आवडीनिवडीची खळबळ मिसळलेली, आणि दोन सरासऱ्यांची वजाबाकी करताना दोघांची अनिश्चितता बेरजेने वाढते, त्यामुळे चूक आठ-दहा टक्क्यांवर जाते. शिवाय कोणी "चार" म्हटलं की त्याला पुतीन आवडतो हे उघड झालं, "शून्य" म्हटलं की नाही आवडत हेही उघड. म्हणून यादीत एकमेकांना छेद देणारी नावं घ्यायची, स्टालिनवाला सहसा येल्त्सिनवाला नसतो, मग बहुतेकांचा आकडा मधेच राहतो, लपायला जागा मिळते आणि खळबळही घटते. (इथवर डोकं गरगरलं असेल तर सोडा, पुढचं कळेल.)

निकाल काय, तर थेट विचारल्यावर 86-88 टक्के आणि यादीतून 80 च्या आसपास. म्हणजे भीतीने फुगलेला भाग होता, पण जेमतेम सहा ते नऊ टक्के, आणि "सगळं खोटं" म्हणणाऱ्या पार्टीची पंचाईत झाली.

पण थांबा. क्युबाचा नेता फिडेल कॅस्ट्रो आवडतो की नाही हे सांगायला रशियात कोणी कशाला घाबरेल? तरी त्याचंही करून पाहिलं तर यादीतला आकडा थेट आकड्यापेक्षा कमीच. म्हणजे यादी स्वतःहूनच थोडं कमी दाखवते, बहुधा लोक मोजताना घाई करतात. 2020 च्या अखेरीपासून त्याच मंडळींनी परत प्रयोग केले तेव्हा थेट आकड्यावरून यादीतल्या आकड्यावर येताना पुतीनची घसरण चांगलीच मोठी दिसली, हेडलाइन तयारच होती, पण दुसऱ्या राजकारण्यांचे आकडेही तसेच घसरलेले, तेव्हा त्यांनी पेपरच्या शीर्षकातच सावधगिरीचा इशारा टाकला.

मला तर या शोधातला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. आपल्याकडे 2024 च्या लोकसभेला बऱ्याच एक्झिट पोलवाल्यांनी एनडीएला 350 च्या वर नेऊन ठेवलं, आल्या 293, आणि पुढच्या निवडणुकीला तेच चेहरे तेच ग्राफिक्स घेऊन परत बसले, शेजारच्या चॅनेलवर ज्योतिषी. आपली पद्धत कुठे गंडली हे त्यांच्यापैकी कितीजणांनी दाखवलं?

रशियातल्या आकड्यांबाबत मग आता करायचं काय, तर यादीत ज्याची भीती नाही असं एक नाव घालून आधी तिचीच परीक्षा घ्यायची, ते किती कमी दिसतं ते बघायचं, आणि पुतीनचा आकडा त्याच्याशेजारी ठेवून वाचायचा. पुतीनची घसरण त्या नावाइतकीच निघाली तर भीतीबद्दल काहीच बोलता येत नाही.